४५ एसीपीसाठी जड ओतीव बुलेट : नळीत शिसं बसतंय आणि स्लाइड पूर्ण मिटत नाही

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. रिलोडिंगवर, म्हणजे काडतुसं घरी स्वतः भरण्यावर, मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून इथेच विचारतोय, कोणी करत असेल तर सांगा. मी ओहायोत असतो, इथल्या क्लबात बुल्सआय खेळतो, म्हणजे एका हाताने ५० यार्डावर स्लो फायर आणि मग २५ यार्डावर टाइम्ड आणि रॅपिड. पिस्तूल १९११ मॉडेलचं, ४५ एसीपी काडतुसाचं, पाच इंची नळी. आत्तापर्यंत २०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) सेमी-वॉडकटर, म्हणजे चपट्या नाकाची आणि धारदार खांद्याची, बुलेट विकत आणून भरत होतो, तक्रार काही नव्हती. आता २३० ग्रेनची गोल नाकाची ओतीव शिशाची घेतली, आणि क्लबातल्या एका जुन्या मेंबरने २५५ ग्रेनच्या थोड्या दिल्यात, त्या मुळात ४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरसाठीच्या.

प्रॉब्लेम दोन आहेत. एक म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथेच शिशाचे पापुद्रे बसतात, ब्रशने घासून घासून हात दुखतो तरी निघत नाहीत. दुसरं, मधूनच एखादी गोळी (म्हणजे भरलेलं काडतूस) अशी येते की स्लाइड शेवटची सूतभर मिटत नाही, मागून अंगठ्याने ढकलावी लागते. २५५ वाल्यांत हे जास्त. बुलेट ज्याच्याकडून घेतल्या तो म्हणतो हार्डकास्ट आहेत, १८ ब्रिनेल (कडकपणाचं माप), शिसं बसणारच नाही. डब्यावर .४५१ लिहिलंय, म्हणजे इंचात जाडी. अजून कडक बुलेट घेऊ का?

आबा_ह्यूस्टन

कोलंबसकर, सगळ्यात आधी तो अंगठ्याने ढकलायचा प्रकार बंद करा. स्लाइड मिटत नाहीये म्हणजे ती गोळी चेंबरमध्ये नीट बसलेली नाही, तिला जोर लावून बसवायची नाही, बाहेर काढायची आणि बाजूला ठेवायची. त्याच गोळ्या तुम्हाला सांगणार आहेत काय बिघडलंय ते.

आता कडकपणाचं. अजून कडक घेऊ नका, तुम्ही उलट्या दिशेला चाललाय. ४५ एसीपी हे कमी दाबाचं काडतूस आहे, सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) कमाल मर्यादा २१,००० पीएसआय, आणि बुल्सआयवाले त्याच्याही बरंच खाली भरतात. ९ एमएमला हीच मर्यादा ३५,००० आहे, १० एमएमला ३७,५००. शिशाची बुलेट नळीत शिरताना मागच्या दाबाने थोडी फुगते आणि खाचा भरून काढते, पण त्यासाठी तिच्यात तेवढा मऊपणा पाहिजे. १८ ब्रिनेलची बुलेट ४५ च्या मवाळ लोडला दाद देत नाही, आहे तशीच राहते. त्यात ती नळीपेक्षा बारीक असेल तर तळाच्या कडेने गरम वायू निसटतो, तो वायू शिसं कापत वितळवत पुढे जातो आणि ते शिसं तिथेच चिकटतं. तुमचं शिसं चेंबरच्या लगेच पुढे बसतंय ना, ती हीच खूण आहे. नळीच्या टोकाला बसलं असतं तर मी म्हटलं असतं वंगण कमी पडलं.

म्हणजे बघायचंय ते माप. नळी मोजा. मऊ शुद्ध शिशाचा तुकडा, नळीहून किंचित जाड, तेलाचा हात लावून लाकडी किंवा पितळी दांड्याने सावकाश नळीतून पार करायचा, आणि मग मायक्रोमीटरने मोजायचा, व्हर्नियरवर विसंबू नका. बहुतेक ४५ च्या नळ्या .४५१ च्या आसपास निघतात. ओतीव बुलेट त्याच्याहून एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाड पाहिजे, म्हणून सगळे .४५२ वापरतात. डब्यावर .४५१ लिहिलंय ते जॅकेटेडचं, म्हणजे वरून तांब्याचं आवरण असलेल्या बुलेटचं, माप आहे, ओतीव शिशासाठी मी ते कधीच घेत नाही. १० ते १२ ब्रिनेलची, .४५२ ची बुलेट आणून बघा.

आणि एक विनंती सगळ्यांनाच, या धाग्यावर कोणीही पावडरचे ग्रेन लिहू नका. कोणती पावडर, कुठली बुलेट, किती खोल बसवली यावर सगळं ठरतं, ते आकडे पावडर कंपनीच्या आणि साचा बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचे, सुरुवातीच्या आकड्यापासून.

बॉइसीवाला

आबा मला हे पटत नाही. मी कायम कडक बुलेट वापरतो, लायनोटाइपच्या (जुन्या छपाईच्या टाइपांचा मिश्रधातू), २२ ब्रिनेल, एक कण शिसं बसत नाही.

आबा_ह्यूस्टन

बसणार नाहीच, कारण तुमच्या बुलेट साच्यातून जाड पडत असणार. लायनोटाइपमध्ये १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, असा अँटिमनीवाला मिश्रधातू थंड होताना कमी आकसतो, म्हणून त्याच साच्यातून बुलेट मऊ शिशापेक्षा जाड निघते. तुम्ही श्रेय कडकपणाला देताय, काम माप करतंय. एक बुलेट मोजून इथे टाका.

बॉइसीवाला

मोजली. .४५२५. मान्य.

कोलंबसकर

खूप आभार आबा. मग आणखी एक विचारतो, मुळात जड बुलेट वापरावीच का? क्लबात अर्धे लोक म्हणतात २०० ग्रेनच्या पुढे जाऊच नको, अर्धे म्हणतात २३० हेच ४५ चं खरं वजन.

आबा_ह्यूस्टन

दोघांचंही बरोबर आहे, कशासाठी वापरताय त्यावर आहे, जरा सविस्तर लिहितो.

४५ एसीपी जन्मालाच जड बुलेटसाठी आलं. फिलिपाइन्सच्या लढाईत अमेरिकन सैन्याला ३८ लाँग कोल्ट अपुरं पडलं, १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोघांनी चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष काढला की ४५ पेक्षा लहान कॅलिबर नको. ब्राउनिंगने त्यावरून पिस्तूल आणि काडतूस बसवत नेलं आणि २९ मार्च १९११ ला ते सैन्याने स्वीकारलं, २३० ग्रेनची बुलेट, सेकंदाला साधारण ८३० ते ८५० फूट. स्लाइडचं वजन, स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ, फीड रॅम्पचा (गोळी चेंबरकडे चढते तो उतार) कोन, सगळं या गोल नाकाच्या २३० वर जुळवलेलं. म्हणून जुनी सैनिकी १९११ सेमी-वॉडकटरला कधीकधी अडते पण गोल नाकाला सहसा अडत नाही.

आता हिशोब. सेमी-ऑटोमध्ये स्लाइड मागे जाते ती बुलेटच्या संवेगावर, म्हणजे वजन गुणिले वेग. स्पर्धेत त्यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात, ग्रेन गुणिले फूट भागिले हजार. २३० ग्रेन ८५० फुटाने गेली तर १९५. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या मेजर गटाला १६५ लागतो, म्हणजे २३० ग्रेनची नुसती ७२० फुटाने गेली तरी भागलं, तेच २०० ग्रेनला ८२५ फूट लागतात. पॉवर फॅक्टर सारखाच पण जड बुलेटला पावडर कमी लागते, आणि नळीतून निघणाऱ्या वायूचाही धक्क्यात वाटा असतोच, त्यामुळे जड बुलेटचा धक्का झटक्यासारखा न येता हात हळू मागे ढकलल्यासारखा येतो. ज्यांचं मनगट दुखतं त्यांना हे लगेच कळतं. इथे आमच्या रेंजवर सत्तरी ओलांडलेले लोक २३० चं मवाळ लोड मारतात ते याचसाठी.

तोटा असा की जड आणि हळू बुलेट नळीत जास्त वेळ असते, तेवढ्यात पिस्तुलाचं तोंड वर उचललं जातं आणि मार वर लागतो. साइट खाली घ्यायला जागा आहे का ते आधी बघा. आणि ५० यार्डावर कागदावर भोक स्वच्छ पाडायला २०० किंवा १८५ ची सेमी-वॉडकटर जास्त सोयीची, रेषेला टेकलं की नाही यावरून वाद होत नाहीत.

२५५ ची गोष्ट वेगळी आहे. ती ४५ कोल्टची बुलेट, ते काडतूस १८७३ चं, केस, म्हणजे काडतुसाचं पितळी टरफल, लांबलचक. ४५ एसीपीची केस जेमतेम .८९८ इंच आणि पूर्ण काडतुसाची लांबी १.२७५ च्या पुढे न्यायची नाही, मग एवढी लांब बुलेट जाणार कुठे, केसच्या आतच. तळ खोल गेला की पावडरला जागा कमी उरते आणि जागा कमी झाली की दाब चढतो. त्यामुळे २३० च्या डेट्यावरून अंदाजाने २५५ भरणं हा सरळ धोका आहे. वजन वाढलं म्हणून थोडी पावडर कमी केली, असं मनाने करायचं नाही. त्या बुलेटचा, त्या लांबीचा छापील डेटा मिळाला तरच भरा, नाही मिळाला तर त्या बुलेट ४५ कोल्टवाल्याला देऊन टाका. आणखी एक, खोल गेलेला जाड तळ केसच्या आत भिंत जाड होते तिथे पोचतो आणि केस मधून फुगते. २५५ वाल्यांत तुमची स्लाइड जास्त अडकते त्याचं एक कारण हेच असणार.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

आबा दंडवत. आम्ही कोल्हापूरकडचे, बंदुकीतलं काय कळत न्हाय पण ओतकाम कळतं, घरात दोन पिढ्या फाउंड्री. धागा वाचता वाचता हात शिवशिवायला लागले म्हणून लिहितोय. आम्ही ओततो ते बिडाचं, पण शिसं पण ओतलंय, बॅलन्सिंगची वजनं करायला.

शिसं ३२७ डिग्रीला वितळतं पण तेवढ्यावर ओतलं तर साचा भरत न्हाय, अंगावर सुरकुत्या पडतात. थोडं कथील घातलं, एक दोन टक्के, की रस पातळ होतो आणि कोपरे भरतात. जास्त घालून फायदा न्हाय, महाग आहे ते. अँटिमनीनं कडकपणा येतो. साचा फार तापला की अंगावर पांढुरका खरखरीतपणा येतो, त्यानं बिघडत काय न्हाय, पण स्प्रू (ओतताना साच्याच्या तोंडाशी उरलेला जास्तीचा गोळा) कापताना तळाला खड्डा पडतो का बघा, कारण आबा म्हणतात तसा वायू तळाच्या कडेनंच निसटणार असला तर तळाची धार धड पाहिजे. स्प्रू घट्ट व्हायच्या आत कापला की रस फासतो आणि तळ फाटतो. मी असतो तर आधी तळ बघून बुलेट बाजूला काढल्या असत्या, नाक थोडं खराब असलं तरी चाललं असतं.

वर जी काळी मळी येते ती लगेच काढून फेकू नका, त्यात कथीलच असतं. कोरडा लाकडाचा भुसा टाका, हलवा, धूर निघतो, कथील परत रसात उतरतं, मग उरेल ती राख काढा.

आणि पाणी. ओला चमचा, घामाचा थेंब, ओलसर भंगार, काहीही रसात गेलं की वाफेचा स्फोट होतो आणि अख्खं भांडं तोंडावर उडतं. हे मी डोळ्यानं बघितलंय, शेजारच्या शेडमध्ये. बाहेरून आणलेलं शिसं आधी थंड भांड्यात ठेवून मग तापवायचं, चालू रसात टाकायचं न्हाय. पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, तोंडावर शील्ड, पायात बूट. चपलेवर ओतकाम करायचं न्हाय म्हंजे न्हाय.

कोलंबसकर

दादा, हे मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये इतकं सरळ वाचायला मिळालं नव्हतं. इकडे लोक टायरची जुनी व्हील वेट्स वितळवतात, ती चालतात का?

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

चालतात पण वेचून. हल्ली जस्ताची आणि लोखंडाची पण येतात, त्यावर झेडएन किंवा एफई लिहिलेलं असतं. पक्कडीनं चावून बघा, शिसं सहज कापलं जातं, जस्त कापलं जात न्हाय. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं, तर भांड्याचं तापमान त्याच्या बरंच खाली ठेवलं की जस्त वर तरंगतं, उचलून टाकायचं. एकदा का ते रसात मिसळलं की साचा नीट भरतच न्हाय, सगळा माल वाया.

कावेरी_बाल्टिमोर

मी नेमबाजी करत नाही, माझे मिस्टर करतात. मी लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि सगळ्यांनी हे नीट वाचावं.

शिशाचा धूर म्हणून लोक घाबरतात पण घरात जास्त शिसं येतं ते धुळीतून. ओतायच्या तापमानाला वाफ फारशी होत नाही, मात्र वरची राख, मळी, आणि रिकाम्या केसेस टंबलर या सफाई यंत्रात साफ करताना उडणारी धूळ, यात शिसं भरपूर असतं. प्राइमरमध्येसुद्धा (काडतुसाच्या तळाची ठिणगी देणारी टोपी) शिशाचा क्षार असतो, तो जळून केसच्या आत बसतो आणि टंबलरमध्ये धूळ होऊन बाहेर येतो. ती धूळ कपड्यावर, डोक्याच्या केसांवर, बुटांवर बसून घरात येते, आणि रांगणारं मूल जमिनीवर हात टेकून तोच हात तोंडात घालतं. इथे सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२१ पासून मुलांच्या रक्तातल्या शिशाचा संदर्भ आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतका खाली आणलाय, आणि त्याच्या खाली सुरक्षित असं काही नाही. मुलांची वाढ, शिकणं, लक्ष लागणं, सगळ्यावर परिणाम होतो आणि तो पुसून काढता येत नाही.

आमच्याकडे नियम असे आहेत की ओतकाम घराबाहेर, उघड्यावर. स्वयंपाकघरातलं एकही भांडं, चमचा, गाळणी तिकडे जाणार नाही आणि तिकडचं इकडे येणार नाही. बुलेटवर रंगाच्या भुकटीचा थर भाजून देतात, म्हणजे पावडर कोटिंग, त्यासाठी वेगळा जुना ओव्हन गराजमध्ये, ज्यात केक होतो तो नाही. केसेसची सफाई पाण्यातली, कोरडी नाही. काम झालं की आधी गार पाण्याने आणि साबणाने हात, मग आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर. बेंचवर चहा, फरसाण, सिगरेट काही नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि दर वर्षी मिस्टरांची रक्ततपासणी, मुलीची पण. गरोदर बाई घरात असेल तर त्या काळात हे काम बंदच ठेवा, विकत आणा बुलेट.

आबा_ह्यूस्टन

कावेरीताई, तुमचं लिहिणं धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवं. त्यात एक भर घालतो, नळीतलं शिसं काढायला इंटरनेटवर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण सांगतात, ते अजिबात करू नका. त्यातून शिशाचं असिटेट तयार होतं, पाण्यात विरघळणारं विष, शरीरात सहज जातं. त्यापेक्षा शुद्ध तांब्याच्या घासणीच्या चार तारा जुन्या ब्रशला गुंडाळा आणि कोरडंच घासा, पापुद्रे निघून येतात. घासणी आणताना लोहचुंबक लावून बघा, वरून तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी पण मिळते, ती नळीत घालायची नाही. आणि शिसं काढायला म्हणून वरून जॅकेटेड गोळ्या मारायच्या नाहीत, त्याने शिसं दाबून बसतं आणि दाब वाढतो.

नऊवाला_सॅनहोजे

मी ४५ मारत नाही, ९ एमएममध्ये १४७ ग्रेनची ओतीव भरतो, आवाजाच्या वेगाखाली राहते म्हणून, साधारण ११२५ फुटाच्या आत. माझाही अनुभव आबा म्हणतात तोच, पण ९ एमएममध्ये एक जास्तीचा फास आहे तो सांगतो, ४५ वाल्यांनाही उपयोगी पडेल.

मी नळी मोजली, बुलेट .३५७ घेतली, सगळं बरोबर, तरी शिसं बसतच होतं. मग भरलेलं एक काडतूस, प्राइमर आणि पावडर न घालता बनवलेलं डमी, हातोडीसारख्या पुलरने आपटून बुलेट बाहेर काढली आणि तिचा तळ मोजला. .३५५! केसनेच बुलेट दाबून बारीक केली होती. ९ एमएमची केस आतून निमुळती, भिंत खाली जाड होत जाते, आणि जड बुलेट लांब म्हणून खोल जाते. काडतूस भरायच्या डाय सेटमधला एक्सपांडर (केसचं तोंड रुंद करणारा भाग) .३५५ च्या जॅकेटेडसाठी बनवलेला असतो, तो केसला पुरेसं उघडतच नाही. ३८ एस अँड डब्ल्यूचा एक्सपांडर बसवला, तो जाड आणि लांब असतो, आणि शिसं बसायचं थांबलं. शेवटी क्रिंपसाठी (केसचं तोंड बुलेटवर आवळायला) जी कार्बाइड रिंगवाली डाय वापरतात तीही ओतीव बुलेटला बाहेरून पिळते, म्हणून ती पण काढून टाकली, साधी टेपर क्रिंप.

म्हणून म्हणतो कोलंबसकर, डब्यातली बुलेट मोजून थांबू नका, भरलेल्या डमीतून काढलेली मोजा.

कोलंबसकर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी करतो. स्लाइडचं पण बघायचंय, त्याला काय करू?

आबा_ह्यूस्टन

पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून नळी बाहेर काढा, तोंड खाली धरा आणि डमी काडतूस चेंबरमध्ये सोडा. टक् असा आवाज येऊन ते बसलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. केसचा मागचा भाग नळीच्या हूडशी, म्हणजे नळीच्या मागे बाहेर आलेल्या जिभेशी, सपाट. नाही बसलं तर बुलेटवर आणि केसवर काळा मार्कर फासा, परत घाला, थोडं फिरवून काढा. रंग जिथे खरवडला तिथे अडतंय. बुलेटच्या नाकाच्या बाजूला खरवडला तर बुलेट रायफलिंगला टेकतेय, थोडी आत बसवायला लागेल आणि डेटा पुन्हा बघायला लागेल. केसच्या तोंडाशी खरवडला तर क्रिंप कमी, तोंडाची घंटा (बुलेट बसवायला रुंदावलेली कड) पूर्ण मिटली नाही. केसच्या मध्ये खरवडला तर तो फुगवटा.

४५ एसीपी केसच्या तोंडावर टेकून बसतं, म्हणून रिव्हॉल्व्हरसारखी रोल क्रिंप करून तोंड आत दुमडायचं नाही. टेपर क्रिंप, तोंडाशी .४७० ते .४७२ च्या दरम्यान, पुरे. सेमी-वॉडकटर असेल तर शिशाचा खांदा केसच्या तोंडाबाहेर नखाच्या जाडीएवढा दिसला पाहिजे. मग डमीचं नाक बेंचच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा, बुलेट आत सरकता कामा नये. फीड रॅम्पवर आपटून बुलेट आत सरकली की जागा कमी, दाब जास्त.

स्प्रिंग बघा. बुल्सआयसाठी तुम्ही हलकी टाकलेली असणार, १२ किंवा १४ पौंडांची. पाच इंची १९११ ला मूळ १६ ची असते. २३० पूर्ण वेगाने मारणार असाल तर परत १६ घाला, हलक्या स्प्रिंगवर स्लाइड मागे आपटते, आणि मिटायलाही जोर कमी पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. ४५ च्या केसमध्ये जलद जळणारी पावडर तळाशी थोडीशीच दिसते, दोनदा पडली तरी केस भरून वाहत नाही. भरलेलं काडतूस वजन करून हे पकडता येईल असं काही जण म्हणतात, ओतीव बुलेटमध्ये ते जमत नाही, बुलेटच्या वजनातच एक दोन ग्रेनचा फरक असतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसेसमध्ये त्याहून जास्त, त्यात पावडरचा फरक बुडून जातो. प्रत्येक केसमध्ये दिवा लावून डोळ्याने बघायचं, बुलेट ठेवायच्या आधी, प्रत्येक. उलट पावडर पडलीच नाही तर बुलेट नळीत अडकते, आवाज फुसका येतो. फुसका आवाज आला की थांबायचं, नळी बघायची, मागून दुसरी गोळी मारली की नळी फुगते नाहीतर फुटते. भरताना टीव्ही नको, फोन नको, कोणाशी बोलणं नको.

नेमबाज_नाशिक

वाचून फार छान वाटलं. इथे भारतात आम्हाला यातलं काहीच करता येत नाही. कोणी हौसेने सुरू करायचा विचार करत असेल तर स्पष्ट सांगतो, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, खेळाडूच्या परवान्यात ते येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप आहे. नादाला लागू नका.

पण शिशाची बुलेट आणि सेमी-ऑटो पिस्तूल हे जोडपं आपल्याकडेही आहे. २५ मीटर सेंटर फायरला आम्ही ३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतो, वॉडकटर, साधारण १०० ग्रेन, बुलेट केसच्या तोंडाशी सपाट कापल्यासारखी. पार्डिनी, वॉल्थर जीएसपी ही पिस्तुलं खास त्याच्यासाठी. काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरचं, मागे रिम असलेलं, आणि तरी सेमी-ऑटोमधून मारतात ते मॅगझिन आणि फीडिंग त्याच्याभोवती बांधलंय म्हणून. गोळ्या आयात केलेल्या आणि मोजून मिळतात, म्हणून ड्राय फायरिंगवर (गोळी न भरता सराव) आमचा भर जास्त. आमच्या हातात एवढंच असतं की कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो ते तपासायचं, आणि तेही लॉट निवडायला मिळाला तर.

कोलंबसकर

अपडेट. नळी .४५१ आली. डब्यातली २३० ची बुलेट .४५१, डमीतून काढलेली .४५०. म्हणजे आबा आणि नऊवाले दोघंही बरोबर, विकत घेतलेलीच बारीक आणि वरून माझ्या क्रिंप डायने अजून पिळली. .४५२ च्या, १२ ब्रिनेलच्या मागवल्या, डाय बदलली. मार्करची टेस्ट केली तर २३० मध्ये रंग केसच्या तोंडाशी खरवडला, २५५ मध्ये केसच्या पोटाशी. २५५ चा त्या लांबीचा डेटा मला कुठे मिळाला नाही, परत देऊन टाकल्या.

बे_एरिया_नवीन

मी एच-वन-बीवर आहे, ऑफिसातले मित्र रेंजला नेतात, हे सगळं वाचून मलाही सुरू करावंसं वाटतंय. प्रेस आणि केसेस आत्ताच घेऊन ठेवू का?

नऊवाला_सॅनहोजे

थांब. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि दारूगोळा दोन्ही जवळ बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, ९२२ जी ५ बी हे कलम, यात तू भरलेली काडतुसं पण आली. अपवाद आहेत, उदाहरणार्थ चालू असलेलं हंटिंग लायसन्स, पण त्याच्यावर राज्याचे कायदे वेगळे आणि कॅलिफोर्नियाचे तर फारच कडक. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं पण यात येतं, म्हणून मित्र म्हणतात म्हणून जाऊ नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ही व्हिसाची अट राहत नाही. स्वतःसाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला मात्र लागतं, मित्रांना पैसे घेऊन भरून देणं पण त्यातच धरतात.

आणि जे मारतात त्यांनाही सांगतो, रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. अस्तरात, बाजूच्या कप्प्यात एखादी गोळी राहते, इथून निघताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि तिकडच्या विमानतळावर स्क्रीनिंगमध्ये दिसते, मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, लग्नाला निघालेला माणूस पोलीस चौकीत. रिकामी केस आठवण म्हणून भाच्याला न्यायची असेल तरी नेऊ नका.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला

आबा एक शंका. ओतलेली बुलेट लगेच मापाला घालायची का मुरू द्यायची? आमच्याकडे कास्टिंग मशिनिंगला घ्यायच्या आधी काही दिवस पडू देतात.

आबा_ह्यूस्टन

चांगला प्रश्न. अँटिमनीवाला मिश्रधातू ओतल्यावर दोन तीन आठवडे हळूहळू कडक होत राहतो, म्हणून मी एक दोन दिवसांत सायझिंग करून घेतो, मऊ असताना डायमधून सहज जाते. भरायला मात्र तीन आठवडे तरी थांबतो, म्हणजे सगळ्या बुलेट एका कडकपणावर आलेल्या असतात. पावडर कोटिंग करणार असाल तर क्रम बदलतो, आधी कोटिंग आणि मग सायझिंग, कारण त्या थराने एक दोन थाऊ जाडी वाढते. आणि डब्यावर ओतल्याची तारीख आणि शिसं कुठलं होतं ते लिहून ठेवायचं.